सबसिडी २ लाख ६७ हजारांची, आणि दारात लागलेले आठ लाख

हे प्रकरण माझ्या मावसभावाच्या घरखरेदीचं आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून आमच्यासाठी दादा, त्याची बायको म्हणजे वहिनी. नावं लिहीत नाही कारण दोघांनी सांगितलंय की आकडे सगळे लिही पण आमचं नाव नको, नातेवाईक वाचतात. मी वसईत एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करतो त्यामुळे घरात कुठलाही सरकारी नाहीतर बँकेचा कागद आला की तो फिरून फिरून माझ्याकडे येतो, तसा हाही आला, फक्त थोडा उशिरा आला. म्हणजे टोकन देऊन झाल्यावर.

२०१९ चा पाडवा, ६ एप्रिल. दादा तेव्हा नालासोपाऱ्यात सात हजार भाड्याच्या वन आरकेमध्ये, अंधेरीला एका पॅकेजिंगच्या कंपनीत सुपरवायझर, हातात २८ हजार. वहिनी घरी शिकवण्या घ्यायच्या, पहिली ते सातवी, त्याचे महिन्याला साधारण बारा हजार. दोघांचं मिळून चाळीस. मुलगा पाच वर्षांचा. विरारला एका साइटवर पाडव्याची ऑफर होती, ५१ हजार भरा आणि बुकिंग करा, हे दोघं सहज बघायला म्हणून गेले आणि ५१ हजारांचा चेक देऊन आले. सहज बघायला गेलेला माणूस सॅम्पल फ्लॅटमधून रिकामा परत आलाय असं मी तरी पाहिलेलं नाही.

फ्लॅट तसा चांगला होता, वन बीएचके, कार्पेट ३२ स्क्वेअर मीटर म्हणजे ३४४ फूट, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आलेली बिल्डिंग. ओसी आलेली असल्यामुळे जीएसटी नाही, आणि भाडं पण भरा हप्ता पण भरा ही जी दोन-तीन वर्षांची कसरत असते तीही नाही. हा निर्णय दादाचा आणि तो बरोबर होता. ॲग्रीमेंट व्हॅल्यू २६ लाख.

आता सेल्सवाल्याने जो कागद दिला होता तो इथे महत्त्वाचा. त्यावर वरती फ्लॅटची किंमत २६,००,०००, खाली वजा पीएमएवाय म्हणजे प्रधानमंत्री आवास योजनेची सबसिडी २,६७,२८०, आणि त्याखाली जाड अक्षरात ‘नेट किंमत २३,३२,७२०’. त्याच्याखाली अजून एक ओळ, इन्कम टॅक्समध्ये बचत वर्षाला अमुक हजार. दादा मला फोनवर म्हणाला, अरे तेवीस लाखांत बसतंय, बँक वीस-एकवीस देते म्हणाले, म्हणजे आपल्याला दोन-अडीचच घालायचेत आणि तेवढे आहेत माझ्याकडे.

मी म्हटलं दादा, कागद घेऊन ये.

सगळं प्रकरण या एका वजाबाकीत आहे म्हणून ती नीट सांगतो. प्रधानमंत्री आवास योजना शहरी, जून २०१५ ला सुरू झालेली, तिच्यात चार भाग होते आणि त्यातला एक क्रेडिट लिंक्ड सबसिडी, लोक सीएलएसएस म्हणायचे नाहीतर नुसतं ‘पीएमएवाय मिळतं का’ विचारायचे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, तीन ते सहा असेल तर एलआयजी. या दोघांना कर्जाच्या पहिल्या सहा लाखांवर साडेसहा टक्के व्याजाची सबसिडी, जास्तीत जास्त वीस वर्षांसाठी. कर्ज तुम्ही वीस लाख घ्या नाहीतर पंचवीस, सबसिडी पहिल्या सहावरच. पण सरकार ती वीस वर्षं दर महिन्याला देत बसत नाही, वीस वर्षांची सगळी सबसिडी नऊ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून एकदाच देतं आणि तो आकडा येतो २,६७,२८०. इथपर्यंत सेल्सवाला खरं बोलत होता.

जे तो बोलला नाही ते हे, की हे पैसे ना तुमच्या हातात येतात ना बिल्डरच्या, ते तुमच्या लोन अकाउंटला जमा होतात. लोन अकाउंट असायला आधी लोन चालू झालेलं पाहिजे. लोन चालू व्हायला तुमच्या हिश्शाचे पैसे आधी पूर्ण भरलेले पाहिजेत, ज्याला बँकेत ओसीआर म्हणतात, ओन काँट्रिब्युशनच्या पावत्या, त्या दाखवल्याशिवाय बँक एक रुपया सोडत नाही. म्हणजे सबसिडी मिळायच्या आधी जे काय भरायचं ते पूर्ण तुम्हीच भरायचं, आणि ते भरून झाल्यावर काही महिन्यांनी सरकार येऊन तुमचं मुद्दल कमी करणार. त्यामुळे फ्लॅटच्या किमतीतून ती वजा करायचा प्रश्नच नव्हता.

आणि टॅक्सच्या बचतीची ओळ तर निव्वळ गंमत होती. दादाचं एकट्याचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या खूप आत, त्या वर्षापासून पाच लाखांपर्यंत टॅक्सच शून्य झालेला. जो टॅक्स भरायचाच नाहीये त्यातून बचत कसली करणार?

त्या संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून मी आणि दादानी वहीच्या मागच्या पानावर खरा हिशोब मांडला. बँक ८० टक्के द्यायला तयार होती, २० लाख ८० हजार. (रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण येतं म्हणजे देतातच असं नाही, पगार बघून हात आखडतात, दादाच्या पगारावर त्याहून मोठा हप्ता बसत नव्हता.) राहिले ५ लाख २० हजार. वर स्टॅम्प ड्युटी, तेव्हा विरारला सहा टक्के लागली, १ लाख ५६ हजार. रजिस्ट्रेशन एक टक्का, २६ हजार. सोसायटी फॉर्मेशन, लीगल, मीटर, बारा महिन्यांचा आगाऊ मेंटेनन्स असलं सगळं मिळून बिल्डरचे ८३ हजार. बँकेची फी, वकिलाचा सर्च, मॉर्गेजचा खर्च १९ हजार. बेरीज ८ लाख ४ हजार.

दादा बराच वेळ त्या बेरजेकडे बघत होता. मग म्हणाला, ड्युटी पण बँक नाही देत? नाही देत. घर दहा लाखांच्या आतलं असेल तर ड्युटी-रजिस्ट्रेशन किमतीत धरता येतं, विरारला दहा लाखात काय मिळतं आता.

हातात होते २ लाख १० हजार, एफडी मोडून. टोकनचे ५१ त्यातलेच.

इथे मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की सोडून दे, ५१ हजार परत मागू, नाही मिळाले तर काही गेले समजू. ऐकलं नाही, आणि मी आज मागे वळून बघतो तेव्हा त्याला चूक पण म्हणू शकत नाही. घरमालकाने तिसऱ्यांदा खोली खाली करायला सांगितली होती, मुलाची शाळा पहिलीची, अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर किती वर्षं काढायची. वहिनींचं म्हणणं तर अजून सरळ होतं, “भाऊजी, आठ लाख साठेपर्यंत थांबलो तर तोवर हेच घर चौतीसचं झालेलं असेल, मग आपण परत आठच लाख कमी असू.”

मग आठ लाख कसे उभे राहिले ते. एफडीचे २.१० लाख. पीएफ, दादाची नऊ वर्षांची सर्व्हिस होती, घरासाठी पाच वर्षांनंतर काढता येतो, ऑनलाइन फॉर्म ३१ भरला आणि १ लाख ६५ हजार आले, तेही बाराव्या दिवशी, या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सुरळीत झालेली गोष्ट हीच. वहिनींच्या पाटल्या आणि गंठण गहाण ठेवून १ लाख ४० हजार, वर्षाला बारा टक्के. दादा म्हणत होता विकून टाकू, व्याज तरी नको, वहिनींनी साफ नाही म्हटलं. तेव्हा सोनं तोळ्याला बत्तीस हजारांच्या आसपास होतं, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते पंचावन्नच्या वर गेलं, तेव्हापासून दादा सोन्याच्या विषयावर बोलत नाही. भिशी लवकर उचलली, ६० हजार. मोठ्या काकांकडून एक लाख, बिनव्याजी, पण प्रत्येक लग्नाकार्यात त्याची आठवण करून दिली जाईल या व्याजावर. कंपनीचा ॲडव्हान्स ५० हजार, दहा महिन्यांत पगारातून कापणार. आणि पतपेढीचं कर्ज ८० हजार, चौदा टक्के, दोन वर्षं. झाले ८ लाख ५ हजार. एक हजार रुपये उरले त्याचे पेढे.

या आठ लाखांत खरे स्वतःचे फक्त पावणेचार. उरलेले ४ लाख ३० हजार हे घरात पाय ठेवायच्या आधीचं देणं, होम लोनच्या वरचं. बँकेला हे दिसत नाही, म्हणजे पतपेढीचं दिसलं असतं जर तिने सिबिलला कळवलं असतं तर, भिशी आणि काका कुठल्या रिपोर्टमध्ये येणार. बँकेच्या फाइलमध्ये या कुटुंबावर एकच कर्ज होतं आणि ते अगदी झेपणारं होतं.

आता कागदांचं. बिल्डरच्या ऑफिसचं म्हणणं होतं की वीस टक्के पूर्ण भरा मग ॲग्रीमेंट रजिस्टर करू. मी म्हटलं नाही, रेरा म्हणजे बिल्डरांवरचा जो कायदा आहे त्यात कलम १३ आहे, रजिस्टर ॲग्रीमेंटच्या आधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २ लाख ६० हजार घ्या आणि तारीख द्या. थोडी कुरकुर झाली पण दिली. हे माहीत नसलं असतं तर सगळे सव्वापाच लाख नुसत्या पावतीवर गेले असते.

ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आला तर त्यात खरेदीदार म्हणून दादाचं एकट्याचं नाव. मी विचारलं वहिनींचं कुठंय, तर बिल्डरचा माणूस म्हणाला लोनला त्या को-ॲप्लिकंट आहेत ना, मग झालं. झालं नव्हतं! ईडब्ल्यूएस आणि एलआयजीला नवीन घर घेताना घरातल्या बाईचं नाव मालक म्हणून लागतं, एकटीचं किंवा जोडीनं, नुसतं लोनच्या कागदावर असून चालत नाही. हे रजिस्ट्रेशनच्या नंतर लक्षात आलं असतं तर परत दस्त, परत खर्च, नाहीतर सबसिडीवर पाणी. माझ्या ऑफिसात अशी दोन प्रकरणं येऊन गेलेली होती म्हणून मला माहीत, नाहीतर मीही पुढे जाऊ दिलं असतं. ड्राफ्ट बदलला, मे महिन्यात रजिस्टर झालं, वहिनींचं नाव इंडेक्स टूवर, म्हणजे रजिस्टर दस्ताच्या उताऱ्यावर, पहिलं लागलं, त्या दिवशी त्या सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या त्या गर्दीतही जाम खुश होत्या.

दुसरा प्रश्न गावच्या घराचा. सबसिडीला अट अशी की कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. दादाचं राजापूर तालुक्यात चिऱ्याचं कौलारू घर आहे, चांगलं पाच खणांचं. दादा घाबरला होता, म्हणत होता मग आपल्याला नाहीच मिळणार, आणि कोणीतरी त्याला सल्लाही दिला की लिहून टाक काही नाही म्हणून, कोण राजापूरला बघायला जातंय. पण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. आईवडील त्यात येत नाहीत. घरपट्टीचा उतारा मागवला, घर अजून मावशीच्या नवऱ्याच्या म्हणजे दादाच्या वडिलांच्या नावावर, मुलांची नावं लागलेली नाहीत. झालं, प्रश्न मिटला, खोटं बोलायची गरजच नव्हती. वडील गेल्यावर वारसांची नावं चढवलेली असती तर मात्र उत्तर वेगळं आलं असतं, आणि कोकणातल्या किती जणांचं हे असंच असेल, गावच्या घरात एक पंचमांश हिस्सा, राहायला विरारला भाड्यानं.

जूनमध्ये लोन सुटलं. पावणेनऊ टक्के, वीस वर्षं, हप्ता १८,३८१. सबसिडीचा फॉर्म, आधार, प्रतिज्ञापत्र सगळं त्याच वेळी बँकेत दिलं. २ सप्टेंबरला गणपती नवीन घरात बसला.

पण त्या सहा-आठ महिन्यांबद्दल दादा-वहिनी फारसं बोलत नाहीत. मी आकडे मांडतो म्हणजे कळेल. हप्ता १८,३८१, पतपेढी ३,८४१, कंपनीची कपात ५,०००, भिशीचे उरलेले हप्ते ५,०००, सोन्याचं व्याज १,४००. बेरीज ३३,६२२. चाळीसमधून हे गेल्यावर उरतात ६,३७८. त्यात तिघांचं खाणं, विरार-अंधेरी पास, शाळेची फी, लाइट बिल, गॅस. भाड्याचे सात हजार वाचले होते हे खरं पण ते या आकड्यात आधीच धरलेले आहेत. दादा रविवारी ओव्हरटाइम करायला लागला, वहिनींनी शिकवणीची अजून एक बॅच घेतली, मुलाच्या वाढदिवसाला त्या वर्षी घरीच शिरा केला. काकांना त्या वर्षात एक पैसा परत गेला नाही.

आणि या सगळ्या काळात सबसिडी कुठे होती? कुठेच नव्हती. सप्टेंबरमध्ये दादा ब्रँचमध्ये विचारायला गेला तर ‘प्रोसेसमध्ये आहे’. ऑक्टोबरमध्ये पण प्रोसेसमध्ये. मी त्याला सांगितलं की ॲप्लिकेशन आयडी माग, त्याच्यावर पोर्टलला स्टेटस दिसतं, पाच टप्पे असतात, आयडी तयार झाला, बँकेने छाननी केली, क्लेम नोडल एजन्सीकडे चढवला, मंजूर झाला, पैसे सोडले. कर्ज देणारी बँक स्वतः सबसिडी देत नाही, ती क्लेम पाठवते नॅशनल हाउसिंग बँक, हुडको असल्या नोडल एजन्सीकडे, पैसे तिकडून येतात. आयडी मिळाला, बघितलं, तर गाडी दुसऱ्याच टप्प्यावर उभी. क्लेम वर गेलेलाच नाही.

कारण काय तर वहिनींचं आधार. आधारवर माहेरचं नाव, पॅन लग्नानंतर काढलेलं म्हणून सासरचं, ॲग्रीमेंट पॅनप्रमाणे. लोनच्या वेळेला दोन्ही नावं एकाच बाईची असं ॲफिडेव्हिट करून बँकेनं चालवून घेतलं होतं, सबसिडीला आधारशी नाव जुळायला पाहिजे म्हणून तिथे अडलं. आणि हे जूनपासून ब्रँचमधल्या एका टेबलवर कोणाला तरी माहीत होतं, फक्त आम्हाला फोन करून सांगायचं राहिलं. लग्नानंतर बायकांची नावं बदलायची आपली ही जी पद्धत आहे ना, तिची किंमत या घरात पाच महिने झाली.

आधारवर नाव बदलायला मॅरेज सर्टिफिकेट पाहिजे. लग्न २०१२ ला गावी झालेलं, मांडवात, नोंदणी कोणी केलीय. दिवाळीला गावी गेले तेव्हा भटजींना शोधलं, साक्षीदार शोधले, लग्नाची पत्रिका वहिनींच्या माहेरी ट्रंकेत सापडली, ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी केली. नोव्हेंबरात आधार बदललं, डिसेंबरात क्लेम वर गेला, आणि मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात लोन अकाउंटला २,६७,२८० ची क्रेडिट एंट्री पडली. नऊ हप्ते भरून झाले होते. मुद्दल साडेवीस लाखांवरून १७ लाख ८३ हजारांच्या आसपास आलं, हप्ता १८,३८१ चा साधारण सोळा हजार झाला.

महिन्याला २,४०० वाचले. बरोबर दोन आठवड्यांनी लॉकडाऊन लागला.

लॉकडाऊनचं लांबवत नाही. शिकवण्या बंद, एप्रिल-मे अर्धा पगार, दोन हप्त्यांचं मोरॅटोरियम घेतलं म्हणजे ते पुढे ढकलले, त्याचं व्याज मुद्दलात चढलं. कंपनीचा ॲडव्हान्स तोवर फिटत आलेला आणि हप्ता कमी झालेला म्हणून तरले असं वहिनी म्हणतात, आणि मला वाटतं ते खरं आहे. जून २०२० ला भिशी संपली, मे २१ ला पतपेढी. पाटल्या आणि गंठण मार्च २१ ला घरी आले, बावीस महिने, व्याज ३०,८०० भरून. काकांचं देणं २०२३ ला फिटलं.

आता यातून मी जो हिशोब काढला तो सांगतो, कारण त्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. सोनं १.४०, पतपेढी ०.८०, कंपनी ०.५०, तिन्हीची बेरीज २ लाख ७० हजार. सबसिडी २ लाख ६७ हजार. जवळपास तंतोतंत! म्हणजे हेच सरकारी पैसे, एक रुपया जास्त नको, जर ॲग्रीमेंटच्या दिवशी आले असते तर ही तीन कर्जं झालीच नसती. सोन्याचे ३०,८०० आणि पतपेढीचे व्याजाचे साधारण बारा हजार असे त्रेचाळीस हजार वाचले असते, ते सोडा, पण महिन्याचा सव्वादहा हजारांचा भार त्या पहिल्या वर्षात नसता. सहा हजारांत घर चालवणं आणि साडेसोळा हजारांत चालवणं यात फरक आहे.

माझ्या ऑफिसातल्या सरांना हे दाखवलं तर ते म्हणाले, हे अर्धंच झालं. सबसिडी दारात म्हणजे ॲग्रीमेंटलाच दिली असती तर मुद्दल कमी झालं नसतं, हप्ता वीस वर्षं अठराचाच राहिला असता, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात. बरोबर आहे त्यांचं, आणि अजून एक मुद्दा त्यांनी काढला जो मला खोडता आला नाही, की बुकिंगच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात सरकारचे पावणेतीन लाख आहेत हे बिल्डरला कळलं की दुसऱ्या दिवशी रेट तेवढा वर जाणार, लोन अकाउंटला टाकलेले पैसे निदान बिल्डरला खाता येत नाहीत. शिवाय खोटी बुकिंग दाखवून पैसे उचलणारे निघाले असते ते वेगळंच. मान्य. पण कागदावर दोन्ही रस्ते सारखे असले तरी माणसाला पैशाची गरज कधी होती हे नऊ टक्क्यांच्या त्या सूत्रात कुठे बसतं? दादाला २०३५ सालचे चोवीसशे रुपये नको होते, त्याला मे २०१९ मध्ये पाटल्या गहाण ठेवायच्या नव्हत्या.

आणि जे मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच आहे. या योजनेत सबसिडी त्यालाच मिळाली ज्याला आधी आठ लाख जमवता आले. दादाच्या जुन्या चाळीत अजून एक कुटुंब होतं, उत्पन्न जवळपास तेवढंच, तेही पाडव्याला साइट बघून आलेले. त्यांच्याकडे ना पीएफ होता (तो रिक्षा चालवतो), ना एक लाख देणारे काका. ते पात्र होते, फॉर्मपर्यंत पोचलेच नाहीत.

माझा एक शाळूसोबती न्यू जर्सीत असतो, त्याच्याशी बोलताना हा विषय निघाला तर तो म्हणाला आमच्याकडे उलटं आहे. तिथल्या राज्य सरकारची हाउसिंग एजन्सी पहिलं घर घेणाऱ्याला डाऊन पेमेंटलाच पैसे देते, काही काउंट्यांत १५,००० डॉलरपर्यंत, दुसरं कर्ज म्हणून नोंदवतात पण व्याज नाही, हप्ता नाही, पाच वर्षं त्याच घरात राहिलात की माफ. पैसे व्यवहार पूर्ण व्हायच्या टेबलवर येतात, म्हणजे दारातच. उत्पन्नाची आणि घराच्या किमतीची मर्यादा आहेच, आणि पहिलं कर्जही त्या एजन्सीच्याच योजनेतून घ्यावं लागतं. पण तिकडेही सगळं गोड नाही, कॅलिफोर्नियाने २०२३ ला किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत डाऊन पेमेंट द्यायची योजना काढली, बदल्यात घर विकताना वाढलेल्या किमतीतला वाटा सरकारला द्यायचा, तर ३० कोटी डॉलर अकरा दिवसांत संपले. पुढच्या वर्षी लॉटरी काढायला लागली. हे ऐकून मला हसूच आलं, म्हटलं शेवटी तुम्ही पण म्हाडावरच आलात.

आपल्याकडची ती जुनी योजना आता नाही. एमआयजीवाल्यांची म्हणजे मध्यम उत्पन्नवाल्यांची मार्च २०२१ ला संपली, ईडब्ल्यूएस-एलआयजीची मार्च २०२२ ला. सप्टेंबर २०२४ पासून पीएमएवाय २.० चालू आहे, त्यात कुटुंबाचं उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, बारा वर्षांसाठी. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि तेही एकदम नाही, वर्षाला एक असे पाच हप्ते, लोन अकाउंटलाच. म्हणजे आधी दारात नव्हती, आता पाच वर्षांत वाटून आत येणार.

गेल्या महिन्यात दादाच्या साळीची मुलगी आली होती, नोकरी बोईसरला, नवरा तिकडेच एमआयडीसीत, दोघं घर बघतायत. तिच्या हातात एका साइटचा कागद होता. वर ३१ लाख, खाली वजा १ लाख ८०, खाली नेट किंमत. मी दादाकडे बघितलं, दादाने कागद स्वतःकडे ओढला, मागचं कोरं पान वर केलं आणि लिहायला लागला. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, सोसायटी, बँकेची फी. मग तिला विचारलं, आधारवर नाव कुठलं आहे गं तुझं, माहेरचं का सासरचं?

माहेरचं होतं.